मच्छरदाणीबाहेरचा नवरा

हे मी सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. वरसाव्यात मी जे जे खरं सांगितलं त्याला लोक हसले, आणि ज्या थापा मारल्या त्या गावचा इतिहास म्हणून पाहुण्यांना सांगू लागले, तेव्हा मला आता त्याचं काही वाटत नाही. पण खाडीशपथ सांगतो, आमच्या नातीचा, चांदणीचा संसार मोडायला निघाला तो डासांमुळे आणि वाचला तोही डासांमुळेच. थोडासा हात माझा होता. थोडासा एका जिताड्याचा. तो मासा आज हयात नाही, नाहीतर साक्षीला आणला असता.

साल त्र्याण्णव. आखाडातला शेवटचा रविवार, म्हणजे आमची गटारी. श्रावण दारात उभा, मग महिनाभर कोंबडं नाही, बाटली नाही, म्हणून त्या दिवशी सगळं गाव एकदमच मसाला भाजायला बसलं होतं. घोडबंदर रोडवरचे ट्रकवाले शिंकत शिंकत पूल ओलांडत होते. अशा मंगल दिवशी मुर्ध्याहून व्याही आले. बाबाजी आणि त्याची बायको बामीबाई. टेम्पो चालवत त्यांचा मुलगा बबन, आमचा नवा जावई, वैशाखातच मांडवातून उतरलेला.

आता आखाडाची रीत. नवी नवरी महिनाभर माहेरी. सासूने तिचं तोंड बघायचं नाही, आणि जावयाने सासरचा उंबरा ओलांडायचा नाही. त्यामुळे बबन रस्त्याच्या कडेला टेम्पोतच बसून राहिला. इकडे माझ्या बायकोने, द्वारकाने, ओटी आणि माजघराच्या मधे दोरी बांधून चादर टांगली. मोठमोठ्या सूर्यफुलांची. नात सूर्यफुलांच्या आत, जावई टेम्पोच्या आत, आणि मधे आम्ही म्हातारे, ज्यांना कशाचीच बंदी नव्हती.

बामीबाई आली ती बसली नाही. पाण्याचा तांब्या पुढे केला, तिने तो हाताने मागे सारला.

"मामा, कोंबडं खायला न्हाय आली मी. तुमची पोरगी तुमच्याकडंच ठेवा, येवढं सांगायला आली. आखाड सरला तरी आमी न्यायला येणार न्हाय."

माझ्या हातात सोललेली कोंबडी होती, ती तशीच राहिली. चांदणीचा बाप सुभाष, म्हणजे माझा थोरला, खुर्चीतून उठला. मिठागर सुटल्यापासून तो जकात नाक्यावर चिकटला होता आणि घरातही नाक्यावरच असल्यासारखा बोलायचा.

"विहीणबाई, काय झालं? आम्ही माल... म्हणजे मुलगी तर चांगलीच पाठवली होती."

"चांगलीच हाय हो! तेच तर दुखणं. पाठवली तशीच्या तशीच हाय!"

बाबाजी खोकला. सुभाषला काही कळलं नाही. द्वारकाला कळलं आणि तिने उगाचच एका भांड्यावर झाकण ठेवलं.

"कोड्यात बोलू नको बामी," मी म्हटलं.

"मंग ऐका. तुमीच आंदण दिली ना ती मच्छरदाणी? गुलाबी, डबल बेडची? बबन सकाळी आंघोळीला बसला की पाठ चोळायला मना हाक मारतो. लगीन झालं म्हणून पाठीला हात पोचायला लागत न्हाय कोणाचा. मी हात फिरवते तर पाठभर नुसत्या गांधी! मान, पाठ, दंड, सगळी चाळण. न् सूनबाय? लोण्याचा गोळा. एक डाग न्हाय. रोज बघते मी. म्हणजे मच्छरदाणीत कोण झोपतं न् बाहेर कोण, ते सांगायला पंचांग लागतं का?"

सुभाषने विचार केला. "मच्छरदाणीला भोक असेल."

"भोक असतं तर डास बाहेरच्याला सोडून आतलीला नसते चावले?"

सुभाष लगेच विहीणबाईंच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "असं असेल तर चूक आमच्याच मुलीची म्हणावी लागेल," तो बोलला. चादरीवरची सूर्यफुलं एकदम हलली.

आता आत काय झालं ते मला कसं ठाऊक, असं विचारू नका. घर कुडाचं होतं तेव्हा माझे कान कुडात अडकले, ते स्लॅब पडल्यावरही निघाले नाहीत. तर आत चांदणी आणि तिची आई शुभदा दाटीवाटीने उभ्या होत्या. नवरा असा भर ओटीवर हरलेला शुभदाने ऐकला आणि लेकीचा दंड धरला.

"खरं आहे हे?"

"हो."

"भांडण झालं? मारलं त्याने?"

"नाही गं आई. मीच म्हटलं त्यांना. साखरपुड्याला पाहिलं ते टोपीत, लग्नात पाहिलं ते मुंडावळ्यांतून. पंधरा दिवसांत सगळं उरकलंत तुम्ही. मी म्हटलं, मी तुम्हाला ओळखत नाही. आधी जरा बोलूया, ओळख होऊ दे, मग बाकीचं."

"आणि तो काय बोलला?"

"ठीक आहे बोलले. उशी घेतली आणि खाली झोपले. मच्छरदाणी एवढी मोठी, मी म्हटलं एका कडेला झोपा की. तर म्हणाले, आत आलो तर माझा माझ्यावर भरवसा नाही."

शुभदाला रागवायचं होतं. पण तिला आठवली स्वतःची पहिली रात्र. सुभाषने दिवा आधी मालवला होता आणि नाव नंतर विचारलं होतं. वर्षाच्या आत चांदणी. मग दोन मुलं. मग गॅसचा नंबर, रेशनकार्ड, स्लॅब. इतकी वर्षं एका छपराखाली काढून त्या माणसाला अजून माहीत नव्हतं की शुभदाला वांगं आवडत नाही. दर रविवारी तो बाजारातून आठवणीने, प्रेमाने वांगी आणायचा.

"मग एवढे दिवस काय बोललात तुम्ही?"

"कुठलं बोलणार! त्यांच्या आई दाराबाहेरच अंथरूण टाकायच्या. आम्ही एक शब्द बोललो की बाहेरून खोकला. दोन शब्द बोललो की 'झोपा आता'. आई, त्यांना वाटायचं आम्ही बोलतोय म्हणजे वेळ वाया घालवतोय."

शुभदाने तोंडावर पदर धरला. आतून हसू येत होतं की रडू, हे पदरालाच माहीत.

इकडे बामीबाई तावातावाने घराला वळसा घालून मागच्या पडवीत गेली. चादरीच्या वाटेने जायची सोय नव्हती. तिथे द्वारका पाट्यावर वाटण वाटत होती. बामीबाई उभी राहिली, मग पाटावर बसली, मग समोर लसूण दिसला म्हणून तो सोलायला लागली. आमच्याकडची बाई कितीही रागावली तरी हात रिकामे ठेवत नाही.

"तुझी आय असती तर मना पाट्याला हात लावू दिला नसता," द्वारका बोलली. बामीची आई घोडबंदरची सुईण, आमच्या पंचक्रोशीतली अर्धी माणसं तिच्याच हातावर पडलेली. "सुभाषच्या वेळी नाळ कापून बाहेर आली न् पहिलं काय बोलली ठाऊक हाय? रस्सा खारट झयलाय."

बामीबाई नको असताना हसली. "ठाऊक हाय. मी होती ना तिच्या पदराला धरून. येवढीशी. तुमच्या दारात होळीची लाकडं रचत होते."

"ते लक्षात हाय तुझ्या?"

"माझ्या सगळं लक्षात असतं, मामी. तोच तर शाप हाय."

द्वारका थोडा वेळ वाटत राहिली. मग हळूच विचारलं, "बामी, बाबाजीला चहात साखर किती लागते ते तुला कधी कळलं?"

"हे काय मधेच?"

"सांग की."

"बबनच्या बारशाला. सासू दुसऱ्या बायांना सांगत होती, तेव्हा ऐकलं."

"त्याच्या आधी विचारलं न्हाय?"

"आधी विचारायला फुरसत कुठं होती!" असं म्हणून बामीबाई स्वतःच थांबली. दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की पडवीतली मांजर उठून गेली.

पण हसू ओसरल्यावर बामीबाई लसणाच्या पाकळीकडे बघत बसली. तिला बबनची पाठ दिसत होती. ती पाठ चोळताना तिला रोज संताप यायचा, आणि तो सुनेचा संताप आहे असं ती धरून चालली होती. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, की आपल्यासाठी कधी कोणी असं बाहेर झोपलं नाही, त्याचा तर तो नसेल? हे तिने कोणाला सांगितलं नाही. मला कळलं ते लसणाकडून.

एवढ्यावर सगळं निस्तरलंच असतं. बामीबाई उठली, ओटीवर परत आली, जरा नरमाईने चादरीकडे पाठ करून बसली आणि "चहा घेईन घोटभर," म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. सुभाषही परत आमच्या बाजूला सरकला.

पण चहा चांदणीने आणला. सूर्यफुलांच्या कडेने कपबशी धरलेला हात बाहेर आला, बांगड्यांसकट, कोपरापर्यंत. तोंड बघायची बंदी होती. हाताबद्दल जुन्या लोकांनी काही ठरवून ठेवलं नव्हतं.

बामीबाईने कप घेतला नाही. हात धरला.

"सुभाष," ती अगदी शांतपणे बोलली, "तुमच्या घरात मच्छरदाणी न्हाय?"

"आहे ना! प्रत्येक बिछान्याला एक. मे महिन्यातच नव्या आणल्या," सुभाष अभिमानाने बोलला. काही माणसांना खरं कधी बोलू नये ते कधीच कळत नाही.

"मंग हे काय?"

हातभर गांधी. टपोऱ्या, लालबुंद, मधे पांढरा ठिपका. बामीबाईने कपबशी बाबाजीच्या हातात कोंबली, तडक रस्त्यावर गेली, टेम्पोचं दार उघडलं आणि बबनला कानाला धरून अंगणात आणलं. उंबऱ्याच्या अलीकडे, रीत मोडायला नको म्हणून. त्याच्या शर्टाची बाही वर सारली.

भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला बसणारा पोर. हात स्टीलच्या डब्यासारखे चकचकीत, आणि त्यावर त्याच गांधी. तस्सा पांढरा ठिपका.

"घरी आता अख्खी मच्छरदाणी तुला एकट्याला हाय. त्यात झोपतोस ना?"

"हो आई."

"मंग हे घरचे डास न्हायत." बामीबाई मिठागरवाल्याची सून. तिला डासांच्या जाती वऱ्हाडासारख्या ओळखता यायच्या. "हा खाजणातला डास, खाडीकाठच्या चिखलातला. घरचा डास थेंबभर पितो न् जातो. खाजणातला पंगतीला बसतो. ह्या पोरीला न् ह्या पोराला एकाच पंगतीनं खाल्लंय. शुभदा, ये बाहेर! बघ तुझ्या लेकीचे धंदे!"

शुभदा बाहेर आली. तिनेही हात बघितला. मग जावयाचा बघितला. मग हळूहळू तिची नजर माझ्याकडे वळली, कारण वरसाव्याच्या खाजणात छप्पर असलेली एकच जागा आहे. माझा मांगर. जाळी, वल्ही आणि जुना कंदील ठेवतो तो. मी कोंबडीच्या तंगडीकडे फार बारकाईने बघू लागलो.

"बाबा," शुभदा बोलली, "मांगराची चावी कोणी दिली यांना?"

"मांगराला दारच न्हाय, तर चावी कुठली? मी फक्त बाज टाकली होती. कंदिलात तेल घातलं."

"आणखी?"

"थोडा चिवडा."

"आखाडात!" दोन्ही विहिणी एकाच दमात ओरडल्या. अर्ध्या तासापूर्वी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या त्या दोघी आता खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. भांडणात असंच होतं, तिसरा मिळाला की पहिले दोघे सख्खे.

"काय करत होतात रे तिथं?" बामीबाईने बबनला विचारलं.

"बोलत होतो."

"रोज?"

"कामावरून सुटलो की."

आणि तेव्हा बाबाजी बोलला. आल्यापासून पहिल्यांदा. त्याच्या हातात सुनेचा चहा तसाच होता. "बबन," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं, "येवढं काय बोलायचं असतं रे?"

बबनने मान खाली घातली. "काय पण, बाबा. तिला घुशीची भीती वाटते. लाइट गेली की ती मुद्दाम मोठ्याने गाणं म्हणते. मला आधी वाटायचं ती गर्विष्ठ आहे, पण ती घाबरली की गप्प बसते. मीठ खाताना ती डोळे मिटते. लहानपणी आजोबांच्या मिठाच्या राशीवरून घसरताना गुडघ्याला लागलं, त्याची खूण अजून आहे, चंद्रकोरीसारखी..."

"थांब," बामीबाई बोलली. "गुडघा कधी बघितलास?"

पलीकडच्या घरातला कुकर पण शिट्टी द्यायचा थांबला.

बबन लाल झाला. आणि सूर्यफुलांमागून चांदणीचा आवाज आला, स्पष्ट, न घाबरता:

"मागच्या आठवड्यात."

मग जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. सुभाष खुर्चीत बसला, उठला, परत बसला. शुभदा कपाळाला हात लावून, "दोन महिने हक्काची खोली, हक्काची मच्छरदाणी, तिथे काही नाही! आणि मांगरात!" एवढंच म्हणत राहिली. बामीबाईने दोन्ही हात कंबरेवर ठेवले.

"आखाड कशाला पाळतात? पोरगी चैतात बाळंत होऊ नये म्हणून! उन्हाचा तडाखा, विहीर आटलेली, तान्ह्याच्या लंगोटाला पाणी न्हाय. न् मोडलेल्या आखाडाची सून घरात घेतली तर सासूच्या जिवावर बेतते, हे काय आज ठरलंय? न्हाय. मी न्हाय नेणार. ऱ्हा म्हणावं इथंच."

"मग मी करू काय?" चादरीमागचा आवाज आता फुटला होता. "आधी नाही म्हटलं म्हणून नको. आता हो म्हटलं म्हणून नको. मला जायचंय त्यांच्याबरोबर. आधी जायचंच म्हणून गेले होते. आता जावंसं वाटतंय. यात वाईट काय झालं ते तरी सांगा."

चादरीखालून तिची पावलं दिसत होती, एकावर एक ठेवलेली. लहानपणी रडताना ठेवायची तशीच. माझ्याच्याने बघवेना.

"बामी," मी म्हटलं, "बस. आज एक सांगतो. द्वारका सांगू देत न्हाय म्हणून इतकी वर्षं पोटात ठेवलंय."

उतू जाणाऱ्या दुधाकडे बघतात तसं द्वारकाने माझ्याकडे बघितलं.

"आमचं लगीन पण वैशाखातलं. मी पण बोललो होतो, आधी ओळख, मंग बाकीचं. तेवढ्यात आखाड लागला न् हिला माहेरी नेलं. माहेर खाडीपलीकडं. तेव्हा पूल कुठला? होडी. पावसात होडी पण बंद. मी काठावर बसून पलीकडं बघायचो. एक दिवस समोर पाणी फुगलं न् वर आला जिताडा. केवढा? बाबाजी, तुझा टेम्पो हाय ना, त्याला शेपटी लाव."

बाबाजीने वळून टेम्पोकडे बघितलं आणि मनातल्या मनात शेपटी लावली.

"मी बोललो, बाबा रे, पलीकडं जायचंय. तो काय बोलला न्हाय. मासे बोलत न्हायत, उगाच थापा कशाला मारू? पण त्यानं पाठ दिली. बसलो, दोन्ही बाजूंनी पंख धरले, निघालो. हिच्या अंगणात जायचो. ही तांब्याभर पाणी द्यायची. ही बोलायची, मी ऐकायचो. परत जिताड्यावर. रोज. आखाड सरला, गणपती गेले, ही नांदायला आली तरी आमी तसेच. दिवाळी गेली, शिमगा गेला. पुढचा पावसाळा लागला तेव्हा कुठं मी मच्छरदाणीत पाऊल टाकलं."

"तेव्हा मच्छरदाणी होती?" बाबाजीने विचारलं.

"गोणपाटाची."

"गुदमरत न्हाय?"

"म्हणून तर वाट बघितली! न् आखाड मोडला म्हणून माझ्या आईला काय झालं? नव्वदीपर्यंत सुपारी फोडत होती. गेली ती सुपारी अडकून, आखाडानं न्हाय. बामी, तू मिठागरातली. घाईनं काढलेलं मीठ कडू ऱ्हातं, ते काय मी तुला सांगू? पाणी तापायला लागतं तेवढं लागतं. कोणाचं लवकर, कोणाचं उशिरा. ह्या पोरांनी आपलं पाणी आपण ओळखलं."

शेवटचं तेवढं मी खरं बोललो होतो, म्हणून त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. सगळे अजून जिताड्यावरच होते. सुभाष मात्र बोटांवर महिने मोजत काहीतरी हिशेब करत होता. "पण बाबा, मी जर..." त्याने सुरुवात केली, तोच द्वारकाने त्याच्या तोंडापुढे चमचा धरला. "मीठ बघ रे."

बामीबाई माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

"पुढच्या पावसाळ्यापर्यंत?"

"पुढच्या पावसाळ्यापर्यंत."

ती द्वारकाकडे वळली. "मामी. खरं?"

द्वारकाने चादरीखालच्या पावलांकडे बघितलं. माझ्या बायकोने आयुष्यात माझी एकही थाप खपवून घेतलेली नाही. ती म्हणाली, "जिताडा जरा लहान होता."

बामीबाई उभी राहिली. बाबाजीच्या हातातला गार झालेला चहा घेऊन एका दमात प्याली. मग चादरीपाशी गेली आणि दोरीसकट सूर्यफुलं खाली ओढली.

चांदणीने पटकन दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काढ हात. आखाड तुमी दोघांनी अर्धा मोडलाय, उरलेला मी मोडते. बघू दे तोंड." तिने स्वतःच सुनेचे हात खाली केले, हनुवटी वर धरली, आणि बराच वेळ बघत राहिली, जणू लग्नात बघायची राहून गेली होती. "हं. रडून नाक सुजवलंस. चैतात बाळंत झाली तर टँकर मी मागवीन. न् आजपासून दाराबाहेर मी झोपायची न्हाय. मना पण चावतात डास. बबन, ये आत, जेव. उंबऱ्यावर काय उभा, तू काय डास हायस?"

मग कोंबडं वाढलं गेलं. बाटलीही निघाली, तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. सुभाषने आनंदाने बायकोच्या ताटात डावभर भरलं वांगं वाढलं.

"मला वांगं आवडत नाही," शुभदा म्हणाली.

डाव हवेतच राहिला. "कधीपासून?"

"जन्मापासून."

सुभाष तिच्याकडे असा बघत राहिला, जणू एखादा ट्रक वीस वर्षं त्याच्या नाक्यावरून जात होता आणि आत काय आहे ते त्याने कधी उघडून बघितलंच नव्हतं. मग त्याने ते वांगं स्वतःच्या ताटात घेतलं आणि हळूच विचारलं, "मग काय आवडतं?" ती जे बोलली ते मला ऐकू आलं नाही. कान होते, पण मी ते दुसरीकडे वळवले.

उन्हं कलल्यावर टेम्पो निघाला. चांदणी बबनच्या शेजारी पुढे बसली, मांडीवर चिवड्याचा डबा. बामीबाई आणि बाबाजी मागच्या हौद्यात, चटईवर. बाबाजी तिला सांगत होता, "तू कडेला बस, इकडं धूर येतो." तिने चमकून त्याच्याकडे बघितलं आणि सरकून बसली.

आम्ही सगळे रस्त्यावर उभे. मी छाती काढून द्वारकाला म्हटलं, "बघितलंस? एका जिताड्यानं दोन घरं तारली."

टेम्पो काशिमिऱ्याकडे वळला, आणि वळता वळता मागच्या हौद्यात बामीबाई उठून उभी राहिली. एका हाताने दांडा धरला, दुसरा तोंडाशी नेला, आणि अख्ख्या वरसाव्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"ओ मामा! माझ्या आयनं सुभाषची नाळ कापली ती होळीच्या आदल्या दिवशी, मी दारात उभी होती! लगीन वैशाखात, पोर त्याच सालच्या शिमग्याला, न् तुमी म्हणे पुढच्या पावसाळ्यापर्यंत नुसतं पाणी प्यायचात! मंग सुभाष काय जिताड्याचा हाय?"